भिंगरीची तालीम

सकाळी साडेसातला दारावरची बेल वाजली तेव्हा सोफावाला दात घासत होता, त्याची बायको डबा भरत होती आणि भिंगरी आतल्या खोलीतल्या पलंगावरून उडी मारून, अख्खा हॉल घसरत पार करून दारावर येऊन आदळली होती. हे तिघांचंही रोजचंच. नवीन काय ते दाराबाहेर होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई उभ्या होत्या.

बाई सत्तरीला टेकलेल्या, पण छडीसारख्या ताठ. एकतीस वर्षं त्यांनी मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवलेलं. निवृत्त होऊन जमाना झाला तरी सगळी इमारत त्यांना बाईच म्हणायची. वरच्या घराशी त्यांचा संबंध जिन्यातल्या हसण्यापुरता, आणि तोही भिंगरी बरोबर नसेल तरच. भिंगरी असली की बाई भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून उभ्या राहायच्या, ते ती फाटकाबाहेर जाईपर्यंत. त्यांना कुत्र्यांची भीती वाटायची आणि ती लपवावी असं काही त्यांना वाटत नसे.

सोफावाल्याने तोंडातला फेस कसाबसा आवरला. "आवाज होतो ना फार? सॉरी हं बाई. आजच जाड गालिचा टाकतो."

"आवाजाबद्दलच आले," बाई म्हणाल्या. त्या उंबऱ्यापासून चांगली चार पावलं मागे होत्या. "तुमची कुत्री लंगडते आहे."

सोफावाल्याने वळून पाहिलं. एक कान उभा, एक कान दुमडलेला, अशी भिंगरी शेपटीने बुटांची मांडणी बडवत होती.

"ही? छे हो! हिच्या अंगात वारं शिरलंय."

"ती माझ्या डोक्यावरून सकाळ-संध्याकाळ मिळून तीस-चाळीस वेळा धावते. चार पायांचे चार ठोके सारखे पडायला हवेत. हिचे तीन नीट पडतात, चौथा नुसता टेकून जातो. पुढचा डावा. पलंगावरून उतरते तेव्हाही सगळा भार उजव्यावर घेते. पंधरा दिवस झाले." बाईंनी भिंगरीकडे न बघताच बोट दाखवलं. "मुलींच्या उड्या ऐकत माझं आयुष्य गेलं. कुणाचा घोटा दुखतोय ते मला पाठ फिरवून उभी असले तरी कळतं. डॉक्टरला दाखवा."

आणि त्या कठड्याला हात न लावता जिना उतरून गेल्या.

सोफावाला हसत आत आला. "ऐकलंस? आता आपल्याला कानाने तपासणारे डॉक्टर मिळाले."

"हसू नकोस," बायको डब्याचं झाकण लावत म्हणाली. "दाखवून आणायला काय जातंय?"

जनावरांची डॉक्टर तिशीची होती आणि तिच्या खिशात कायम बिस्किटं असत, त्यामुळे भिंगरी तिच्यावर जीव टाकायची. डॉक्टरने तिचे पाय एकेक करून वाकवले, ताणले. डाव्या खांद्याशी बोटं रुतवली तशी भिंगरीने मान फिरवली आणि ओठ चाटले. ओरडली नाही, गुरगुरली नाही. एवढंच.

"स्नायू दुखावलाय," डॉक्टर म्हणाली. "फाटलेला नाही, नशीब. आठवडाभर ही करते काय?"

"माझ्या दुकानात असते. मी सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा दुरुस्त करतो. ही आपली दारात फोमच्या ढिगावर लोळते."

"आणि रविवारी?"

सोफावाल्याची छाती फुगली. "रविवारी मैदानावर दोन तास चेंडू! सगळे बघत राहतात."

"म्हणजे सहा दिवस कुंभकर्ण आणि सातव्या दिवशी डोंगर उचलायचा. कुणाचाही खांदा जाईल." डॉक्टरने कागद ओढला. "ती चार वर्षांची आहे, ऐन भरात आहे. वेग आहे, दम नाही. पाय पळतात, पण पाठ आणि पोट लेचंपेचं. आतापासून लक्ष दिलं नाही तर सहाव्या वर्षी म्हातारी होईल."

सोफावाल्याला मागची परीक्षा आठवली. गावाबाहेरच्या अग्निशमन केंद्रात हरवलेली माणसं शोधणाऱ्या कुत्र्यांचं एक हौशी पथक होतं. भिंगरीचं नाक बघून पथकप्रमुखाने त्याला स्वतःहून बोलावलं होतं. परीक्षेच्या शोधफेरीत पहिली दहा मिनिटं भिंगरी विजेसारखी चमकली, आणि विसाव्या मिनिटाला सिमेंटच्या ढिगाऱ्यात पाय पसरून जी बसली ती उठलीच नाही. 'आज तिचा मूड नव्हता,' असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. स्वतःलाही. पुढची परीक्षा चार महिन्यांवर होती.

डॉक्टरने दोन आठवडे उड्या बंद केल्या. फक्त दोरीला धरून चालवणं. त्यानंतर हळूहळू ताकद वाढवायची. "कुणीतरी जाणतं माणूस बघा," ती म्हणाली. "घाईने केलं तर मुसळ केरात."

त्या संध्याकाळी सोफावाल्याने कागद घेऊन खालच्या मजल्यावरची बेल वाजवली. बाईंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"मला कुत्र्यांतलं ओ की ठो कळत नाही," त्या म्हणाल्या. "शिवाय मला भीती वाटते."

"मग भीत भीत शिकवा की, बाई."

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग ओठाच्या एका कोपऱ्यातून हसल्या. "दोन आठवड्यांनी, सकाळी साडेसहाला. दुकानामागच्या अंगणात. उशीर चालणार नाही."

तालमीच्या पहिल्याच दिवशी बाई 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या आणि सोफावाल्याला एकदम सहावीत गेल्यासारखं वाटलं. त्या अंगणाच्या टोकाला, दुरुस्तीला आलेल्या एका जाडजूड आरामखुर्चीच्या मागे उभ्या राहिल्या. खुर्ची त्यांच्या आणि भिंगरीच्या मधे. तिथून हुकूम सुटू लागले.

"आधी अंग तापवायचं. दहा मिनिटं चाल. धावणं नाही, वास घेत रेंगाळणंही नाही. थंड रबर ताणलं की तुटतं. सोफ्याचे पट्टे ओढतोस ना तू? मग तुला हे मी सांगायला हवं?"

मग त्यांनी तीन गाद्या मागितल्या. एक घट्ट, एक मध्यम, एक मऊ. सोफावाल्याने एका रात्रीत... नाही, बायकोने त्याला जेवायला बोलावण्याआधीच तिन्ही शिवून काढल्या. रेक्झिनच्या, कडेला लाल पायपिंगची गोट लावून.

"पायपिंग कशाला?" बाईंनी विचारलं.

"धंद्याची सवय हो, बाई. हात ऐकत नाही."

घट्ट गादीवर पुढचे दोन पाय ठेवून दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं. मग मागचे दोन. ते जमलं की मध्यम, मग मऊ. मऊ गादीवर भिंगरी पहिल्यांदा चढली तेव्हा तिचं सगळं अंग थरथरलं, आणि तिने सोफावाल्याकडे असं बघितलं की जणू त्याने तिच्या पायाखालची जमीन विकली आहे.

"थरथरू दे," खुर्चीमागून आवाज आला. "पोट काम करतंय. आता उतरव. ती कंटाळायच्या आत थांबायचं. पोट आत!"

सोफावाल्याने दचकून स्वतःचं पोट आत ओढलं.

"तुला नाही म्हटलं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "किंवा असू दे. तुलाही."

पडद्यांच्या जुन्या दांड्या फोमच्या ठोकळ्यांवर आडव्या टाकून त्यांनी एक रांग केली, भिंगरीच्या घोट्याएवढी उंच. त्यावरून दुडक्या चालीने जायचं, उडी न मारता, प्रत्येक पाय उचलून. पहिल्या दिवशी दांड्यांचा नुसता खणखणाट. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि सांगायच्या, "तिसरी दांडी चार बोटं पुढे घे. तिचं पाऊल तिथे पडत नाहीये." सरकवल्यावर खरंच खणखणाट कमी व्हायचा. मागे मागे चालणं, बसून सरळ उठणं, पाण्याच्या टाकीपर्यंतच्या चढावर सावकाश चालत जाणं. एक दिवस मेहनत, एक दिवस साधी फेरी. घरात फरशीवर गालिचे आले, पलंगाला फोमची पायरी लागली, नखं वेळच्या वेळी कापली जाऊ लागली. बाईंच्या सांगण्यावरून भिंगरीच्या बरगड्या दर सोमवारी हाताने चाचपल्या जायच्या. आणि बिस्किटांऐवजी गाजराचे तुकडे. भिंगरीने गाजराचा तीन दिवस निषेध केला, चौथ्या दिवशी समझोता केला.

चढावर मात्र खरी वरात निघायची. भिंगरी पुढे, सोफावाला मागे धापा टाकत, आणि बाई सगळ्यांत शेवटी, पण बोलत.

"कुत्री दमलीय का हे बघायचं तर तू आधी श्वास घे," त्या म्हणायच्या. "तिची जीभ रुंद झाली, नखं जमिनीला घासायला लागली, की थांब. तुझी जीभ तर पहिल्या वळणालाच बाहेर."

महिन्याभरात त्याच्या पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं. बायकोने ते भोक बोटाने तपासून पाहिलं. "दहा वर्षं मी सांगत होते तर ती कटकट. बाईंनी सांगितलं की शास्त्र!" पण दुसऱ्या दिवसापासून तीही बूट घालून चढावर हजर झाली आणि बाईंच्या शेजारून चालू लागली. सोफावाल्यावर हसणारी माणसं एकाची दोन झाली.

दोन महिने झाले. भिंगरीचा खांदा पूर्ण बरा झाला होता. तिच्या मांड्या भरल्या, पाठ सपाट झाली, चालण्यात एक डौल आला. आणि नेमकी तेव्हाच सोफावाल्याची मती फिरली.

रविवार होता. बाई भाचीकडे गेल्या होत्या. मैदानावर जुने दोस्त भेटले. एकाने चेंडू काढला. "काय रे, तुझी ती वीज अजून चमकते की विझली?" एवढं पुरे झालं. सोफावाल्याने अंग तापवणं वगैरे गुंडाळून ठेवलं आणि तासभर चेंडू फेकला. भिंगरी पूर्वीपेक्षा वेगाने पळाली, पूर्वीपेक्षा उंच उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सकाळी भिंगरी अंथरुणातून उठली ती कशीबशी. पुढचा डावा पाय तिने हवेत धरला होता.

बाईंना सांगायची वेळच आली नाही. त्या अंगणात आल्या, भिंगरीची चार पावलं ऐकली आणि सोफावाल्याकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. "किती वेळ?" एवढंच विचारलं.

"तासभर."

बाई वळल्या आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. दरम्यान डॉक्टरने तपासून सांगितलं की मोठं काही नाही, आखडलंय, आठ दिवस सांभाळा. सोफावाल्याला हायसं वाटलं, पण खालच्या मजल्याचं दार बंदच होतं. शेवटी त्याने धीर करून बेल वाजवली.

"चुकलो, बाई."

बाईंनी त्याला आत घेतलं, बसायला सांगितलं. स्वतः खिडकीशी उभ्या राहिल्या.

"माझ्याकडे एक मुलगी होती," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांत तशी दुसरी आली नाही. घोटा दुखावला होता. बरा होत आला होता. स्पर्धा आठ दिवसांवर. ती म्हणाली, बाई, अजून थोडं थांबू या का? मी म्हटलं, काही होत नाही, तू चढ. घोटा कायमचा गेला, ती पुन्हा कसरतीच्या दांडीवर चढली नाही. आता दोन मुलांची आई आहे, मजेत आहे, वर्षातून दोनदा फोन करते. एका शब्दाने कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"तिला घाई नव्हती रे. घाई मला होती," बाई म्हणाल्या. "तुझ्या कुत्रीला टाळ्या ऐकू येत नाहीत. तिला फक्त तू ऐकू येतोस. तू 'पळ' म्हणालास की ती पाय तुटेस्तोवर पळेल. म्हणून थांबवायचं काम तुझं."

"पुन्हा नाही होणार."

"बघू." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "कुठे आहे ती?"

भिंगरी अंगणात उन्हात पडली होती. बाई नेहमीप्रमाणे आरामखुर्चीपर्यंत गेल्या, थांबल्या. मग खुर्चीला वळसा घालून पुढे आल्या. एकदा श्वास घेतला, पोट आत ओढलं. त्या गुडघ्यावर बसल्या आणि भिंगरीच्या खांद्यावर तळहात ठेवला. भिंगरीने डोकं उचललं, बाईंच्या मनगटाचा वास घेतला आणि पुन्हा डोकं टाकलं.

"गरम नाहीये," बाई म्हणाल्या. आवाज जरा चिरकला होता. "सूज नाही. तालीम दोन पायऱ्या मागे न्यायची आणि तिथून परत चढवायची. आणि हिच्या अंगाला वास येतो. आंघोळ घाल."

परीक्षेच्या दिवशी सकाळी अग्निशमन केंद्राच्या मागच्या मैदानात नऊ कुत्री जमली होती. पथकप्रमुख मिशीवाला, कमी बोलणारा माणूस. त्याच्या गळ्यात शिट्टी आणि हातात घड्याळ. दोरीपलीकडे बघ्यांमधे सोफावाल्याची बायको आणि बाई उभ्या होत्या.

बाकीच्यांनी कुत्री गाडीतून उतरवली आणि ती भुंकत, ओढत, गोल गोल पळत सुटली. सोफावाला भिंगरीला घेऊन कुंपणाच्या कडेने चालत राहिला. दहा मिनिटं. एक जण ओरडला, "अरे, फिरायला आणलंय का परीक्षेला?" सोफावाला फक्त हसला.

आधी पाच किलोमीटरची चाल. मग अरुंद फळी, नळकांडं, ढिगारा आणि शेवटी शोध. सुरुवातीला चार कुत्री भिंगरीच्या पुढे होती. सोफावाल्याने तिला जोर लावू दिला नाही. अर्ध्या वाटेवर त्यांतली दोन मागे पडली. फळी दीड माणूस उंचीवर होती आणि दवाने ओली. मधोमध भिंगरीचा मागचा पाय सटकला. दोरीपलीकडे कुणीतरी "आई गं!" म्हणालं. भिंगरी लटकली नाही, घाबरली नाही. क्षणभर तीन पायांवर तोल धरला, पाठ ताठ केली, चौथा पाय सावकाश वर घेतला आणि पुढे चालू लागली.

"पोट!" बाई नकळत केवढ्याने तरी ओरडल्या. त्यांच्या आजूबाजूच्या चार-पाच माणसांनी पोटं आत घेतली.

ढिगाऱ्यात मागच्या वेळी जिथे ती बसली होती, तिथून जवळच या वेळी एका पिंपात एक जवान लपला होता. शोधाचं विसावं मिनिट आलं. भिंगरी नाक खाली घालून, पाऊल पाऊल निवडत फिरत होती. तेविसाव्या मिनिटाला ती पिंपापाशी थांबली, बसली आणि भुंकली. एकदाच, स्वच्छ.

पथकप्रमुखाने घड्याळ थांबवलं. भिंगरीकडे पाहिलं, मग गुडघ्यावर हात टेकून उभ्या असलेल्या सोफावाल्याकडे.

"कुत्री पास," तो म्हणाला. मग मिशीतून हसला. "माणूसही पास. काठावर."

बायकोने दोरी ओलांडून धाव घेतली आणि आधी भिंगरीला मिठी मारली, मग नवऱ्याला. बाई मागून चालत आल्या. "टाळ्या नंतर," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं चालव हिला. एकदम थांबवायचं नाही." मग पदराने चष्मा पुसत त्या जरा जास्तच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

पथकप्रमुखाने विचारलं, "हिला तयार कुणी केलं?" सोफावाल्याने बोट दाखवलं. पथकप्रमुख बाईंना म्हणाला, "आमच्या बाकीच्या कुत्र्यांना बघाल का?"

"कुत्र्यांचं ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मालक ऐकणार असतील तर येते."

सात आठवड्यांनी एका दुपारी दुकानात फोन आला. एक म्हातारे घड्याळजी सकाळी टेकडीवर फिरायला गेले होते, ते परतले नव्हते. सोफावाल्याने हातातली सुई खुर्चीतच खोचली आणि भिंगरीला घेऊन निघाला. टेकडीच्या पायथ्याशी पथकप्रमुखाने तिला घड्याळजींचा रुमाल हुंगायला दिला. दीड तास चढ, काटेरी झुडपं, सुटे दगड. सोफावाला दोनदा तिला थांबवून पाणी पाजत, पायांचे तळवे बघत वर गेला. घाई केली नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा एका घळीच्या तोंडाशी भिंगरी बसली आणि भुंकली.

खाली घड्याळजी एका खडकाला टेकून बसले होते. पाय मुरगळला होता, टोपी हरवली होती, पण चेहरा शाबूत होता आणि त्यावर भरपूर वैताग होता.

"इतका उशीर?" ते खालून म्हणाले. "मी केव्हाचा हाका मारतोय. पाणी आहे का?"

"आहे हो, आजोबा, हे घ्या," सोफावाला दोरी धरून घळीत उतरत म्हणाला.

घड्याळजींनी बाटली घेतली, तोंडाशी नेली, आणि थांबले. वरून भिंगरी जीभ बाहेर काढून त्यांच्याकडे बघत होती.

"आधी तिला द्या," ते म्हणाले. "मी बसलेलो होतो, चालत ती आलीय."